थोरलीची जीभ

भांडणाशिवाय घर बेचव लागतं असं कुणी म्हणत असेल, तर त्याने या घरात आठवडाभर राहून दाखवावं. चवीची सगळी हौस फिटेल.

खाली दुकान, वर घर. दुकानात डंपलिंग मिळत, वाफवलेले आणि तव्यावर खरपूस केलेले. सारणं तीन, कोळंबीचं, कोंबडीचं आणि कोबी-मशरूमचं. पाऱ्या लाटायच्या, कळ्या पाडायच्या आणि टोपल्यांत लावायच्या हे काम घरातल्या थोरल्या सुनेकडे होतं. तिचा हात इतका चालायचा की गिऱ्हाइकं काचेला नाक लावून बघत उभी राहत. पण डंपलिंगला विचारतो कोण? डंपलिंग गल्लोगल्ली मिळतात. लोक यायचे ते सोबतच्या वाटीसाठी, आणि ती वाटी सासूबाईंची होती.

कोळंबीला व्हिनेगर, सोया आणि केसासारखं बारीक चिरलेलं आलं. कोंबडीला तिळाचं वाटण, त्यात लसूण आणि चिमूटभर साखर. कोबी-मशरूमला मिरचीचं तेल. सासूबाई कशाला कसली वाटी जाते ते ठरवत आणि त्यात कुणाचं काही चालू देत नसत. कुणी कोळंबीबरोबर तिळाची वाटी मागितली तर गल्ल्यावरूनच ओरडत, "कोळंबीला गोधडीत गुंडाळून खाणार का?" लोक हसत आणि मुकाट्याने व्हिनेगरची वाटी घेत. आख्खा रस्ता त्यांना जिभेवाल्या बाई म्हणायचा. व्हिनेगरचा एक थेंब जिभेवर ठेवून बाटली कधी उघडली ते त्या सांगतात, अशी ख्याती होती. सांगितलेलं कुणी पडताळून पाहिलं नव्हतं, पण ख्यातीला पडताळा लागतो कुठे.

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी एक कार्यक्रम व्हायचा. सासूबाई सॉस करत आणि थोरलीला हाक मारत. थोरलीने नुसती उकडलेली पारी आणायची, तिचा तुकडा वाटीत बुडवायचा आणि खायचा. चमच्याने चाखायचं नाही, हे या घरचं शास्त्र. सॉस चमच्यावर रागीटच लागायला हवा, तरच पारीवर जाऊन तो माणसात येतो. थोरली चावत असायची आणि सासूबाई तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत असायच्या.

"कसं झालंय?"

"थोडं आंबट वाटतंय, आई."

"आंबट? तुझ्या सात पिढ्यांत कुणी व्हिनेगर पाहिलंय का? तोंडात जीभ नाही तुझ्या, चामडं आहे चामडं. जा, टोपल्या लाव."

थोरली टोपल्यांकडे वळली की सासूबाई जरा वेळ काढत, भांडी इकडची तिकडे करत, स्वतःच्या जिभेवर एक थेंब ठेवून मोठ्याने मिटक्या मारत आणि मग चमचाभर साखर टाकत. "मला आधीच ठाऊक होतं," त्या म्हणत. "तुझी परीक्षा घेत होते. आज चुकून पास झालीस." खारट म्हटलं तरी हेच, आणि छान म्हटलं तर "तुला काय कळतंय छान," हे वर. रोज पास होऊनही नापासच राहणारी अशी विद्यार्थिनी कुठल्या शाळेत सापडायची नाही.

नुसतं स्वयंपाकघरात म्हटलं असतं तर थोरलीने गिळलंही असतं. पण थोरलीची आई पहिल्यांदा लेकीच्या घरी आली, तेव्हा सासूबाईंनी भरल्या दुकानात सांगितलं होतं, "तुमच्या मुलीचे हात चांगले आहेत हो. जिभेचं मात्र तुम्ही काही बघितलं नाही." आईने मान खाली घातली. पुढे कधीतरी थोरलीलाही ते खरंच वाटायला लागलं. रोज एकच गोष्ट ऐकली की माणूस आपल्या नावासारखी तीही आपलीच समजतो. आई शेवटच्या आजारपणात एकदा उठून बसली होती, हट्टाने लेकीसाठी भाजी केली होती. "कशी झालीय गं?" तिने विचारलं. "मला काय कळतंय, आई," थोरली म्हणाली. आई नंतर थोडेच दिवस होती. भाजी फार छान झाली होती, एवढंसं सांगायचं राहून गेलं.

आता धाकटी सून. ती आली तेव्हा तिला पारी आणि पापड यांतला फरक कळत नव्हता. पण बोलायला गोड आणि सासूबाईंच्या प्रत्येक शब्दाला "हो ना आई" तयार. कानामागून आली आणि तिखट झाली ती अशी. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नवं दुकान घ्यायचं ठरलं, तेव्हा सासूबाईंनी जेवताना जाहीर केलं, "तिथला सॉस धाकटी बघेल. तिला मी शिकवते. थोरली इथेच राहील, माझ्या हाताखाली."

थोरलीचा घास हातातच राहिला. नव्या दुकानावर दोन खोल्या होत्या, वेगळं स्वयंपाकघर होतं, आणि मुख्य म्हणजे तिथे सासूबाई नव्हत्या. इतकी वर्षं कळ्या पाडल्या त्या कशासाठी? तिने नवऱ्याकडे पाहिलं. थोरला मोबाइलमध्ये मान घालून जेवत होता.

"आई म्हणते ते बरोबर आहे," तो म्हणाला. "सॉसचं काम जिभेचं आहे."

आणि मग थोरलीची अक्कलदाढ सुजली.

दोन दिवस ती गाल धरून पाऱ्या लाटत होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरने इंजेक्शन देऊन दाढ उपटली आणि कापसाचा बोळा देऊन घरी पाठवलं. गाल, ओठ, जीभ, अर्धं तोंड बधिर होतं. चेहरा कुणीतरी पोतेऱ्याने पुसून काढल्यासारखा झाला होता. सासूबाई सॉस करून तिचीच वाट बघत बसल्या होत्या.

"चाख."

तिने चाखलं. कापूस चावल्यासारखं लागलं. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. पुढे झुकल्या. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"काय गं, कसं झालंय?"

थोरलीने हातानेच काहीच कळत नाही अशी खूण केली. आता नेहमीची शिवी येणार म्हणून ती थांबली, पण शिवी आली नाही. सासूबाई चिडल्या होत्या, आणि त्या चिडण्यात घाबरलेलं काहीतरी होतं.

"तोंड वाकडं कर ना जरा! काहीतरी कर!"

त्या दिवशी व्हिनेगरचा नवा कॅन उघडला होता आणि तो जुन्यापेक्षा कडक होता. दुपारपर्यंत निम्म्या वाट्या भरलेल्याच परत आल्या. एका गिऱ्हाइकाने तर विचारलं, "बाई, आज फरशी पुसायचं दिलंत की काय?" जिभेवाल्या बाईंनी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि वर जाऊन झोपल्या.

अक्कलदाढ गेली आणि अक्कल आली, असं म्हणायचं ते या बाबतीत. थोरली संध्याकाळी भांड्यांजवळ उभी होती, बधिरपणा उतरत होता, दाढेची जागा ठणकत होती, आणि इतक्या वर्षांच्या सगळ्या सकाळी तिच्यासमोर एकामागून एक येऊन उभ्या राहत होत्या. लग्न ठरवायला सासूबाई आल्या होत्या ती पहिली भेटसुद्धा. चहात साखर कमी पडली होती आणि एक घोट घेताच तिचा चेहरा आंबला होता. आई शरमली होती. सासूबाई मात्र खूश झाल्या होत्या. "मुलीचा चेहरा बोलका आहे," त्या म्हणाल्या होत्या, आणि होकार तिथल्या तिथे दिला होता.

"तुमच्या आईंना कधी मोठा आजार झाला होता का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"आपल्या लग्नाआधी ताप आला होता," तो मोबाइलमधून मान न काढता म्हणाला. "महिनाभर. का?"

"सहज."

तरी तिने खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी सॉस अगदी नेमका झाला होता. तिने तुकडा तोंडात टाकला, एक डोळा बारीक केला, गाल आत ओढले आणि तोंडाने म्हणाली, "छान झालंय, आई."

"छान म्हणे!" सासूबाई म्हणाल्या. थोडी भांडी हलवली, मिटक्या मारल्या आणि व्हिनेगरच्या वाटीत चमचाभर साखर ओतली.

थोरली टोपल्यांकडे वळली. म्हणजे चामडं सासूबाईंच्या तोंडात होतं, आणि या दुकानाची जीभ ती स्वतः होती. सगळा रस्ता जिचं कौतुक करत होता ती चव तिची होती. तिला इथे ठेवून घेत होत्या ते ती बिनकामाची म्हणून नव्हे, तिच्यावाचून एक वाटीही भरता येत नव्हती म्हणून. आणि हे लपवायला तिला रोज चामडं म्हणायचं, तिच्या आईची मान खाली घालायला लावायची. तिला रडू आलं नाही. असा थंड राग आला की तो नासणार नव्हता, बरणीत भरून ठेवता आला असता.

तिने तो ठेवला. नव्या दुकानाच्या उद्घाटनापर्यंत ती रोज चाखत राहिली आणि चेहरा खरा ठेवत राहिली. कारण अधूनमधून फसवलं असतं तर म्हातारी सावध झाली असती.

उद्घाटनाला सगळे आले. नातेवाईक, जुनी गिऱ्हाइकं, जागेचे मालक, शेजारचा बेकरीवाला त्याच्या बायकोसकट. धाकटी नवी साडी नेसून गल्ल्याशी उभी होती. आत नव्या स्वयंपाकघरात सासूबाई स्वतः सॉस करत होत्या. धाकटीला त्यांनी काय शिकवलं होतं कोण जाणे, पण पहिल्या दिवसाची अब्रू तिच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या. टोपल्या वाहायला म्हणून थोरलीला मुद्दाम बोलावलं होतं. कशाला बोलावलं होतं ते दोघींनाही ठाऊक होतं, फक्त म्हातारीला वाटत होतं की ते आपल्या एकटीलाच ठाऊक आहे.

जुन्या दुकानात सोया मोजायची एक चेपलेली पळी होती. सासूबाईंचा हात त्या पळीवर बसलेला, इतक्या पळ्या म्हणजे इतकं, बाकी हिशेब नाही. नव्या दुकानात सगळं नवं होतं आणि पळीच्या जागी स्टीलचा लखलखीत डाव लटकत होता, पळीच्या जवळजवळ दुप्पट. सासूबाईंनी सवयीने तितकेच डाव ओतले. दुसऱ्या कुणाला ते पहिल्या थेंबाला कळलं असतं.

"थोरले, चाख."

तिने पारीचा तुकडा बुडवला. मिठागरात तोंड घातल्यासारखं झालं. घशापासून कानापर्यंत सगळं आखडलं. समोर दोन म्हातारे डोळे तिच्या चेहऱ्यावर खिळले होते. नुसती भुवई वर केली असती तरी पुरलं असतं. सासूबाईंनी पाणी घातलं असतं, व्हिनेगर वाढवलं असतं, सगळं निभावलं असतं. आणि थोरली उद्यापासून पुन्हा जुन्या दुकानात दुसरीची जीभ म्हणून उभी राहिली असती, त्या बाई असेपर्यंत.

ती हसली. डोळेसुद्धा हसवले. आईच्या हातची ती भाजी आठवली आणि तेव्हा जो चेहरा करायचा राहिला होता तो केला.

सासूबाईंचे खांदे सैल झाले. "उगाच दात काढू नकोस," त्या म्हणाल्या. "वाट्या भर."

वाट्या थोरलीनेच भरल्या. अगदी काठोकाठ.

बाहेर सासूबाईंनी छोटंसं भाषण केलं. "आजपासून या दुकानाचा सॉस माझी धाकटी सून बघणार. थोरली माझ्याजवळ राहील. तिला देवाने हात दिले, जीभ द्यायचं विसरला." लोक हसले. थोरलाही हसला. मग सगळ्यांनी डंपलिंग बुडवले.

हसू कुठल्या कुठे गेलं. बेकरीवाल्याला ठसका लागला. त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. जागेचे मालक हातात अर्धा डंपलिंग धरून कुठे ठेवावा ते शोधत होते. पाणी, पाणी, एवढंच ऐकू येत होतं.

सासूबाईंनी इतकी वर्षं एकच चेहरा वाचला होता. आता एकदम पन्नास चेहरे समोर आले आणि एकही लागेना. त्यांनी थोरलीकडे पाहिलं. थोरली अजून हसत होती, तेच हसू. तेव्हा त्यांना समजलं. थोरलीला ते समजताना दिसलं, आणि तिला फार बरं वाटलं.

आता करतात काय? थोरलीने फसवलं म्हणावं, तर जिभेवाल्या बाईंना फसवलं कसं? आपलेच दात, आपलेच ओठ. सासूबाईंनी मान ताठ केली. "काय झालं? नाजूक झालात तुम्ही लोक," असं म्हणून डंपलिंग उचलला, वाटीत पुरता बुडवला आणि तोंडात टाकला. सगळ्यांदेखत शांतपणे चावला आणि गिळला. डोळ्यांत पाणी नाही, कपाळावर आठी नाही. लोक बघतच राहिले. बेकरीवाल्याची बायको हळूच म्हणाली, "अगं बाई."

तरी अजून झाकली मूठ होती. थोरली वाटी घेऊन पुढे झाली आणि अतिशय नम्र आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आई, तुम्हीच सांगा ना. काय जास्त झालंय?"

सासूबाई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. इतक्या आशेने त्यांनी कधी कुणाकडे बघितलं नसेल. थोरलीने चेहरा धुतलेल्या ताटासारखा कोरा ठेवला.

"आंबट," सासूबाई म्हणाल्या. "आंबट झालंय थोडं."

शेवटी धाकटा मुलगाच म्हणाला, "आई, अगं मीठ आहे ते. नुसतं मीठ. तुला कळत नाही?"

नवं दुकान थोरलीला मिळालं हे सांगायला नको. वरच्या दोन खोल्याही मिळाल्या. जुन्या दुकानाच्या वाट्याही तीच इथून पाठवू लागली, कारण दुसरं करणार कोण? एवढ्यावर ती थांबली असती तर लोकांनी तिची बाजू घेतली असती. पण तिने सासूबाईंना आपल्याकडे आणून ठेवलं. जग म्हणालं, किती गुणाची सून. सासूबाईंसाठी स्वयंपाकघरात, सगळ्या कामवाल्यांच्या समोर एक स्टूल मांडलं. रोज सकाळी सॉस झाला की थोरली वाटी आणि पारीचा तुकडा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहायची.

"चाखा, आई. कसं झालंय?"

सासूबाई चाखत आणि तिच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते शोधत. काही सापडत नसे. "छान झालंय," त्या म्हणत. कधी थोरली त्यांना नुसती साखर कालवलेली वाटी द्यायची, कधी आलं उकळलेलं पाणी. एकदा कोरा चहा दिला. "छान झालंय," सासूबाई म्हणाल्या, आणि पाऱ्या लाटणाऱ्या बायकांनी पदरात तोंडं लपवली. धाकटी आता टोपल्या लावायला होती. ती हसली नाही, खाली बघत राहिली. तिला पाठीमागून थोरलीचा आवाज आला, "हसायलासुद्धा जीभ लागते वाटतं."

आणि मग एका सकाळी सासूबाईंनी तुकडा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. मिटूनच चावला, मिटूनच गिळला. "छान झालंय," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही.

"डोळे उघडा, आई," थोरली म्हणाली. "माझ्याकडे बघून सांगा."

"कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "तिथे आता काही दिसत नाही."

थोरली वाटी घेऊन उभी राहिली. बोचलं ते तिला मान्य करायचं नव्हतं, पण बोचलं. या घरात आल्यापासून तिच्या चेहऱ्याकडे रोज, न चुकता, जीव लावून बघणारं एकच माणूस होतं, आणि ते हे होतं. स्वार्थासाठी का होईना, पण तिला आंबट लागलंय की खारट, झोप झालीय की नाही, दाढ दुखतेय का, हे बघत होतं कुणीतरी. नवरा मोबाइलमध्ये होता. धाकटी मान वर करत नव्हती. बायका तिच्यासमोर हसायच्या त्या भीतीने.

त्या दिवशी कोंबडीच्या वाटीत लसूण जास्त झाला होता की तिला नुसतं वाटत होतं, ते तिचं तिलाच ठरेना. तिने पारीचा तुकडा धाकटीपुढे धरला. "चाख गं. कसं झालंय?"

धाकटीने चावला आणि गिळला. तिच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

"छान झालंय, ताई," ती म्हणाली.

स्टुलावर सासूबाई डोळे मिटून हसत होत्या. थोरलीने वाट्या भरल्या आणि बाहेर पाठवल्या.